मिशन डिस्ट्रिक्ट, सॅन फ्रान्सिस्को

मिशन डिस्ट्रिक्ट : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन फ्रान्सिस्को शहराचा एक जुना भाग. लॅटिन अमेरिकी वस्ती, भित्तिचित्रांनी भरलेल्या गल्ल्या आणि बुरितो या खाद्यपदार्थासाठी तो ओळखला जातो. स्थानिक लोक त्याला नुसते ‘द मिशन’ म्हणतात. मिशन स्ट्रीट आणि व्हॅलेन्सिया स्ट्रीट हे दोन समांतर रस्ते या भागाचा कणा आहेत, तर आडवे रस्ते क्रमांकांनी ओळखले जातात. सोळावा आणि चोविसावा हे त्यांतले महत्त्वाचे. दोन्हींच्या नाक्यांवर ‘बार्ट’ या उपनगरी रेल्वेची भुयारी स्थानके आहेत (१९७३). पश्चिमेकडच्या ट्विन पीक्स टेकड्या समुद्रावरचे धुके अडवतात, म्हणून उरलेले शहर जुलै महिन्यात गारठलेले असतानाही इथे बहुधा ऊन असते.

इथली चित्रे जगभर छापली जातात. ती कोणाच्या भिंतीवर आहेत, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या भागाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास बराचसा त्या प्रश्नाभोवती फिरतो.

पूर्वेतिहास : स्पॅनिश येण्याआधी इथे मूळनिवासी ओलोनी लोकांपैकी येलामू गटाची वस्ती होती. १७७६ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मप्रसारकांनी संत फ्रान्सिसच्या नावाने इथे मिशन, म्हणजे धर्मप्रसाराचे केंद्र, स्थापन केले. शेजारच्या ओढ्यावरून ते ‘मिशन डोलोरेस’ या नावानेच प्रसिद्ध झाले. १७९१ मध्ये पूर्ण झालेली त्याची मातीच्या कच्च्या विटांची इमारत ही शहरातली सर्वांत जुनी शाबूत वास्तू आहे. ती बांधणारे ओलोनी आणि मिवोक लोक रोगराईत व सक्तीच्या श्रमांत हजारोंनी मेले आणि मिशनच्याच परिसरात पुरले गेले. पर्यटकांसाठीच्या माहितीपत्रकांत सुंदर चर्चला जितकी जागा मिळते तितकी त्यांना मिळत नाही.

एकोणिसाव्या शतकात इथे आयरिश आणि जर्मन कामगार राहू लागले. एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर लागलेली आग विसाव्या रस्त्याच्या आसपास थोपवता आली आणि मिशनचा दक्षिण भाग वाचला. त्या वेळी पाणी देणारा चर्च स्ट्रीटच्या नाक्यावरचा बंब-नळ दर वर्षी १८ एप्रिलला सोनेरी रंगाने रंगवतात. चोविसाव्या रस्त्यावरचे १९१८ मधले सेंट फ्रान्सिस फाउंटन हे सोडा-आइस्क्रीमचे दुकान त्या जुन्या वस्तीची खूण म्हणून अजून चालू आहे.

लॅटिन वस्ती वाढली ती १९३० च्या दशकापासून. खाडीवरच्या बे ब्रिज या पुलाच्या बांधकामामुळे शहरातल्याच रिंकन हिलवरची मेक्सिकन कुटुंबे उठली आणि इकडे सरकली. मध्य अमेरिकेतली कॉफी सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात उतरत असे. त्या व्यापाराच्या वाटेने निकाराग्वा, एल साल्वादोर, ग्वातेमाला इथली माणसेही आली. दुसऱ्या महायुद्धानंतर गोरी कामगार कुटुंबे उपनगरांत गेली आणि मिशन स्पॅनिश बोलू लागले. १९८० च्या दशकात मध्य अमेरिकेतील यादवी युद्धांनी निर्वासितांची मोठी लाट इथे आणून सोडली. त्यामुळे या भागाला ‘मेक्सिकन वस्ती’ म्हणणे अपुरे आहे, आणि हा फरक ताटातही दिसतो.

१९६६ मध्ये महापालिकेच्या पुनर्विकास योजनेची कुऱ्हाड मिशनवर येऊ घातली होती. शहराच्याच फिलमोर भागात अशा योजनेने कृष्णवर्णीयांची हजारो घरे पाडली होती. ते डोळ्यांसमोर असल्याने रहिवाशांनी एकजूट केली आणि योजना रोखली. ही संघटित होण्याची सवय पुढे टिकली. ‘एल तेकोलोते’ हे द्विभाषिक वृत्तपत्र आणि ‘गॅलेरिया दे ला रासा’ हे कलादालन, दोन्ही १९७० सालची, याच हवेत जन्मली.

भित्तिचित्रे : मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी १९३१ मध्ये आणि पुन्हा १९४० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भित्तिचित्रे काढली. मिशनच्या चित्रकारांनी स्वतःला त्या परंपरेचे वारस मानले. पण रिव्हेरांना मेक्सिकोत मंत्रालयांच्या आणि राजवाड्याच्या भिंती मिळाल्या होत्या. मिशनच्या पोरांना मिळाली गॅरेजची दारे, लाकडी कुंपणे आणि दुकानांच्या बाजूच्या भिंती, त्याही मालकाच्या परवानगीने. शहराने १९७० च्या दशकात केंद्र सरकारच्या रोजगार योजनेतून कलाकारांना पगार देण्याची वाट काढली. त्यामुळे काही काळ का होईना, भिंत रंगवणे ही नोकरी झाली.

पहिल्या पिढीतले सर्वांत मिश्कील काम एका बँकेत आहे. मिशन आणि तेविसाव्या रस्त्याच्या नाक्यावरच्या बँक ऑफ अमेरिकाच्या शाखेसाठी हेसुस काम्पुसानो, मायकेल रियोस आणि लुइस कोर्तासार यांनी १९७४ मध्ये सुमारे २७ मीटर लांबीचे भित्तिचित्र रंगवले. रिव्हेरांच्या जुन्या सहायक एमी लू पॅकार्ड यांनी त्यांना सल्ला दिला. ज्या बँकेने पैसे दिले तिच्याच भिंतीवर, रोखपालांच्या डोक्यावर, त्यांनी शेतमजुरांचे नेते सेसार चावेस यांचे शब्द घातले. आमच्या घामारक्तावर दुसरे श्रीमंत झाले, असा त्यांचा आशय आहे. पुढच्या वर्षी रियोस यांनी चोविसाव्या रस्त्याच्या बार्ट स्थानकाजवळ आणखी एक टोला हाणला. त्या चित्रात चकचकीत आगगाडी धावते आहे आणि तिचे रूळ गरीब रहिवाशांनी पाठीवर तोलून धरले आहेत.

त्याच काळात ‘मुहेरेस मुरालिस्तास’ हा स्त्रियांचा गट उभा राहिला. पात्रिसिया रोद्रिगेस, ग्रासिएला कारिय्यो, कोन्सुएलो मेंदेस आणि इरेने पेरेस या त्यातल्या प्रमुख. त्या स्वतः मचाणावर चढून काम करत. पुरुष चित्रकारांच्या बंदुका, मुठी आणि क्रांतिवीर टाळून त्यांनी बाजार, मुले, मका आणि लामा नावाचे दक्षिण अमेरिकी प्राणी रंगवले. याला त्या काळी ‘पुरेसे राजकीय नाही’ म्हणून नाके मुरडली गेली. आज तो आक्षेप हास्यास्पद वाटतो. ‘लातिनोआमेरिका’ आणि ‘पारा एल मेर्कादो’ ही १९७४ मधली त्यांची दोन मोठी चित्रे आता उरलेली नाहीत.

बामी ॲली ही चोविसाव्या आणि पंचविसाव्या रस्त्यांना जोडणारी, तेवढ्याच लांबीची छोटी गल्ली. १९७२ पासून इथे मुलांनी आणि ‘मुहेरेस मुरालिस्तास’मधल्या काही स्त्रियांनी चित्रे काढली होती. १९८४ मध्ये रे पाटलान यांच्या पुढाकाराने चित्रकारांच्या मोठ्या गटाने गल्लीची कुंपणे आणि गॅरेजची दारे एका विषयावर रंगवली : मध्य अमेरिकेतली लोकसंस्कृती आणि तिथला अमेरिकेचा हस्तक्षेप. मिरांडा बर्गमन आणि ओब्रायन थील यांचे त्या वेळचे चित्र अजून दिसते. बाकीची बरीचशी ऊन, पाऊस आणि कुजलेल्या फळ्यांमुळे गेली आणि त्यांच्या जागी नवी आली. आता विषय हद्दपारी, घरभाडे आणि पोलिसांचा गोळीबार असे आहेत. ही गल्ली संग्रहालय समजून पाहायला गेले तर फसगत होते, कारण पाच-दहा वर्षांनी तिथे दुसरेच काही असते. सतराव्या आणि अठराव्या रस्त्यांच्या मधली क्लॅरियन ॲली १९९२ पासून अशीच रंगते. तिचा सूर अधिक तिखट आणि कमी पारंपरिक आहे.

सुसान सर्व्हान्तेस यांनी १९७७ मध्ये स्थापन केलेली ‘प्रेसिता आइज’ ही संस्था चित्रे काढते, शिकवते, जुनी चित्रे दुरुस्त करते आणि लोकांना चालत फिरवून ती दाखवते. दुरुस्तीचे काम कंटाळवाणे असल्याने त्याचे कौतुक होत नाही. पण रंग उडण्याच्या वेगाकडे पाहता, तेच नसते तर दाखवायला फारसे काही राहिले नसते.

मराठी वाचकाने आवर्जून थांबावे अशी भिंत चोविसावा रस्ता आणि यॉर्क स्ट्रीटच्या नाक्यावर आहे. हुआना आलिसिया यांनी १९८३ मध्ये इथे सॅलडच्या शेतात खुडणी करणाऱ्या, विषारी फवारा अंगावर झेलणाऱ्या बायका रंगवल्या होत्या. पाणी मुरून भिंत खराब झाली, तेव्हा २००४ मध्ये त्यांनी तिथेच निळ्या रंगातले नवे चित्र काढले. मेक्सिकन लोककथेतली रडणारी आई, ला य्योरोना, हिच्या भोवती लढ्यांची गर्दी आहे. पाण्यासाठी लढणारे बोलिव्हियातल्या कोचाबाम्बाचे लोक, मेक्सिकोतल्या हुआरेसमध्ये झालेल्या स्त्रियांच्या खुनांचा निषेध करणाऱ्या काळ्या वेशातल्या स्त्रिया, आणि बुडत्या घरांत पाण्यात उभे राहून धरणाला विरोध करणारे नर्मदा खोऱ्यातले शेतकरी. सरदार सरोवराच्या बुडितात नंदुरबार जिल्ह्यातली आदिवासी गावेही गेली. महाराष्ट्रात त्या लढ्याची इतकी मोठी सार्वजनिक भिंत सहजी सापडणार नाही.

अठराव्या रस्त्यावरची विमेन्स बिल्डिंग ही चार मजली इमारत १९९४ मध्ये सात चित्रकर्त्रींनी बाहेरून दोन बाजूंनी रंगवली. हुआना आलिसिया, मिरांडा बर्गमन, एडिथ बून, सुसान सर्व्हान्तेस, मीरा देसाई, इव्हॉन लिटलटन आणि इरेने पेरेस या त्या सात. मूळनिवासींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ग्वातेमालाच्या रिगोबेर्ता मेन्चू यांच्यापासून अनेक संस्कृतींच्या देवतांपर्यंत आकृत्या आहेत आणि कापडाच्या घडीसारख्या पट्ट्यांवर शेकडो स्त्रियांची नावे गुंफली आहेत. मिशनमधले हे सर्वांत भव्य काम. ते टिकून आहे, आणि २०१२ मध्ये निगुतीने उजळले गेले, याचे एक साधे कारण आहे. ही इमारत स्त्रियांच्या संघटनेने १९७९ मध्येच विकत घेतली होती. भिंत त्यांच्या मालकीची आहे.

ज्यांची नाही त्यांचे काय होते, हे १९९८ मध्ये दिसले. सतराव्या रस्त्यावरच्या लिली ॲन या कपड्यांच्या जुन्या कारखान्यावरचे काम्पुसानो यांचे प्रचंड चित्र इमारतीच्या नव्या मालकाने पांढऱ्या रंगाखाली पुसले. चित्रकार आदल्याच वर्षी वारले होते. कुटुंबीय कलाकृती-संरक्षण कायद्याच्या आधारे न्यायालयात गेले आणि भरपाईवर तडजोड झाली. चित्र परत आले नाही.

सगळे घाव बाहेरून येत नाहीत. २०१५ मध्ये गॅलेरिया दे ला रासाच्या भिंतीवर समलिंगी लॅटिनो जोडप्यांचे आणि एका पारलिंगी पुरुषाचे चित्र लावले गेले, तेव्हा ते पुन्हा पुन्हा विद्रूप करून शेवटी जाळण्यात आले. ‘आमच्या’ भिंतीवर कोण दिसावे, यावर वस्तीत एकमत नाही.

घरभाडे आणि स्थलांतर : १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटरनेट कंपन्यांच्या तेजीत आणि पुन्हा २०१० नंतर मिशनमधली भाडी भडकली. सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांसाठी खासगी बसगाड्या सुरू केल्या आणि त्यांच्या थांब्यांजवळ राहायला मागणी आली. भाडेनियंत्रणातली घरे रिकामी करवण्यासाठी मालकांनी १९८५ च्या एलिस कायद्याचा आधार घेतला. भाड्याने देण्याचा व्यवसायच बंद करतो, असे म्हणून मालक या कायद्याने सर्व भाडेकरूंना उठवू शकतो. डिसेंबर २०१३ मध्ये व्हॅलेन्सिया आणि चोविसाव्या रस्त्याच्या नाक्यावर आंदोलकांनी अशी एक बस अडवली आणि ते छायाचित्र जगभर गेले. त्या बसगाड्यांत बसणाऱ्यांमध्ये भारतीय अभियंतेही होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या (बे एरियातल्या) मराठी घरांत ही बाजू फारशी बोलली जात नाही.

गॅलेरियाचे सहसंस्थापक रेने यान्येस यांनी १९७२ मध्ये मृतांच्या दिवसाचे, म्हणजे गेलेल्यांचे स्मरण करणाऱ्या मेक्सिकन सणाचे, प्रदर्शन भरवून तो सण अमेरिकी कलादालनांत आणला. त्यांना आणि चित्रकार योलांदा लोपेस यांना म्हातारपणी याच एलिस कायद्याखाली घर सोडण्याची नोटीस आली. २०१८ मध्ये भाडे परवडेनासे होऊन खुद्द गॅलेरियालाही चोविसाव्या रस्त्यावरची चार दशकांहून जुनी जागा सोडावी लागली.

नगरमंडळाने मे २०१४ मध्ये चोविसाव्या रस्त्याच्या परिसराला ‘कॅय्ये २४ लॅटिनो सांस्कृतिक जिल्हा’ असा दर्जा दिला. २०१५ मध्ये महागड्या नव्या इमारतींना स्थगिती देण्याचा प्रस्ताव शहराच्या मतदानात पडला. सोळाव्या रस्त्याच्या स्थानकावरचा उंच निवासी टोलेजंग प्रकल्प मात्र वर्षानुवर्षांच्या विरोधानंतर बारगळला आणि ती जागा परवडणाऱ्या घरांसाठी राखली गेली.

खाद्यपदार्थ : मिशनचा बुरितो मेक्सिकोत मिळत नाही. गव्हाची मोठी तोर्तिया, म्हणजे पातळ पोळी, वाफेवर मऊ करायची, तीत भात, घेवड्याच्या दाण्यांची उसळ, भाजलेले मांस, साल्सा, कधी ग्वाकामोले भरायचे, गच्च गुंडाळून चांदीच्या कागदात बंद करायचे. गिऱ्हाइकाच्या समोर, ओळीने. एल फारो हे दुकान पहिल्या बुरितोचा मान १९६१ साठी सांगते, ला कुंब्रे १९६९ साठी. वाद मिटण्यासारखा नाही आणि तो मिटावा असे दोघांनाही वाटत नसावे. ला ताकेरिया भात घालतच नाही, आणि तरीही (का म्हणूनच?) अनेक खवय्यांच्या मते सगळ्यांत उजवी ठरते. खाद्यक्षेत्रातले पुरस्कार देणाऱ्या जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानने २०१७ मध्ये तिला गौरवले.

बुरितोच्या गाजावाजात पुपुसा मागे पडते, हा अन्याय आहे. एल साल्वादोरची ही मक्याच्या पिठाची जाड भाकरी पुरणपोळीसारखी सारण भरून थापतात. सारण चीज, घेवडा किंवा लोरोको नावाच्या वेलीच्या कळ्यांचे असते. सोबत आंबवलेल्या कोबीचे कुर्तिदो. चोविसाव्या रस्त्यावरचे ला पाल्मा हे १९५३ पासूनचे दुकान चुन्याच्या निवळीत शिजवलेला मका दळून हाताने तोर्तिया थापते. १९५१ मधली ला व्हिक्तोरिया ही बेकरी मात्र २०१८ मध्ये बंद झाली. पेयांत ‘हामायका’ घ्यावे. ते आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचेच आंबट सरबत आहे.

शाकाहारी माणसाने एक चौकशी करावी. घोटलेला घेवडा आणि तामाले या मक्याच्या वाफवलेल्या पदार्थाचे पीठ अनेक ठिकाणी डुकराच्या चरबीत (मान्तेका) करतात. ‘मान्तेका आहे का?’ असे विचारले की काउंटरवरचा माणूस नीट सांगतो, आणि बहुतेक ताकेरियांत (बुरितो-ताकोच्या दुकानांत) चरबीशिवायचा अख्खा घेवडा वेगळा ठेवलेला असतो.

उत्सव आणि भेट : मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याअखेरीस कार्नावाल भरतो (१९७९ पासून), आणि २ नोव्हेंबरच्या रात्री मृतांच्या दिवसाची मिरवणूक निघते. चित्रे पाहायला सकाळ बरी. ऊन तिरपे असते आणि बामी ॲलीत गर्दी नसते. तिथली गॅरेजची दारे ही राहत्या घरांची आहेत. गाडी बाहेर निघत असेल तर फोटो थांबवून वाट द्यावी.