आंबट पित्त, कडू पित्त

गावरान कोंबडी साफ करताना आत्याचा हात एका जागी हमखास सावकाश होतो. कलेजीला चिकटून गडद हिरव्या पाण्याची बोटाच्या पेराएवढी पिशवी असते, ती न फोडता काढायची असते. एकदा ती माझ्या हातून फुटली. कलेजी तीन पाण्यांनी धुतली, तरी रश्श्याला कडवटपणा उतरलाच. त्या पिशवीत असतं ते पित्त.

आणि हीच आत्या छातीत जळजळलं, आंबट ढेकर आला की म्हणते, "आज पित्त झालंय." घशाशी येतं ते मात्र बहुतेक वेळा पित्त नसतं, जठरातलं आम्ल असतं. मूळ शब्द आम्लपित्त; बोलता बोलता त्यातलं आम्ल गळून गेलं आणि दोन अगदी वेगळे रस एकाच नावाने ओळखले जाऊ लागले. आयुर्वेदातला पित्तदोष ही आणखी निराळी कल्पना आहे, ती इथे बाजूला ठेवू.

या गोंधळापायी आत्याने वर्षभर दुखणं अंगावर काढलं. लग्नाचं तेलकट-तुपकट जेवण झालं की रात्री उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती पाठीत आणि उजव्या खांद्यापर्यंत जायची. पित्तच असेल म्हणून ती थंड दूध प्यायची, ॲसिडिटीचं गुलाबी औषध घ्यायची. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन झालं, पिशवी काढली, तेव्हा ती समाधानाने म्हणाली, "चला, आता पित्ताचा त्रास कायमचा गेला." मग मी तिच्याजवळ बसून हे सगळं उलगडून सांगितलं.

आम्ल जठरातच तयार होतं. ते हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, हे विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरने १८२४ साली दाखवून दिलं. जठररस दिवसाला साधारण दीड-दोन लिटर पाझरतो आणि उपाशीपोटी तो लिंबाच्या रसाहूनही तीव्र असू शकतो. डाळीतली, अंड्यातली प्रथिनं तो उलगडतो, ती तोडणाऱ्या पेप्सिनला जागं करतो, आणि अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू मारतो. जठराला आतून चिकट श्लेष्म्याचा जाड थर असतो म्हणून त्याला हे सोसतं. अन्ननलिकेला तसं संरक्षण नाही. दोघांमधली झडप सैल पडली आणि आम्ल वर आलं की जी आग होते, तिलाच आपण पित्त म्हणतो.

पित्ताचा कारखाना यकृतात. तिथे दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनतं. पित्ताशय ही फक्त साठवणीची पिशवी, जेमतेम ३० ते ५० मिलिलिटरची. पाणी शोषून घेऊन ती पित्त घट्ट करते. मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं, की पित्तात अन्न तोडणारं एकही विकर, म्हणजे एन्झाइम, नसतं. मग ते करतं काय? तुपकट कढई नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो. पित्तातले क्षार हेच साबणाचं काम करतात. तुपाचा मोठा थेंब फोडून त्याचे बारीक बारीक थेंब करतात, मग स्वादुपिंडातलं विकर त्यांवर चालतं. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागतात तीही पित्ताच्या मदतीने. आणि शरीराची काटकसर बघा: आतड्यात सांडलेले यातले सुमारे ९५ टक्के क्षार लहान आतड्याच्या शेवटी परत शोषले जातात आणि यकृताकडे जातात. पित्ताचा रंग येतो जुन्या लाल रक्तपेशींच्या मोडतोडीतून. शौचाला पिवळा-तपकिरी रंगही त्याचाच. म्हणून खडा वाटेत अडकला की डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते आणि शौच मातकट पांढरं पडतं. हे दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आम्ल तीव्र आम्लधर्मी, पित्त किंचित अल्कधर्मी. ॲसिडिटीची गोळी जठरातलं आम्ल कमी करते. पित्ताशयातल्या खड्यांना तिचा काही उपयोग नाही. ओळखायची घरगुती खूण म्हणजे चव: आंबट ते आम्ल, कडू ते पित्त. रिकाम्या पोटी उलट्या होऊन शेवटी पिवळं-हिरवं पाणी पडतं, तेव्हाचं "पित्त पडलं" मात्र शब्दशः खरं. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर आतडं अडल्याची ती खूण असू शकते, तेव्हा क्षणभरही थांबू नये. छातीत दाटून घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर सोडा पिऊन वाट बघू नये. ते हृदयाचं दुखणं असू शकतं. अंगावर उठतं आणि आपण आमसुलाचं पाणी लावतो, ते "पित्त" या दोन्हींपैकी कुठलंच नाही, त्या त्वचेतल्या हिस्टामाइन नावाच्या रसायनाने आलेल्या गांधी.

आत्याची पिशवी गेली, पण यकृत आहे. पित्त आता साठण्याऐवजी थेट आतड्यात ठिबकतं. उजवीकडची कळ पुन्हा आली नाही. जळजळ मात्र दोन महिन्यांनी परत सुरू झाली, कारण ती मुळात जठराची होती. आता ती रात्री आठच्या आत जेवते, आणि तिच्या पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली आम्ही एकेक वीट ठेवली आहे.