तान्ह्या बाळांतील धमनीरोध : शस्त्रक्रियेविना उपचार

बाळाच्या हाताची वा पायाची धमनी रक्ताच्या गुठळीने बंद पडल्यास ती औषधांनी मोकळी करण्याची पद्धत. मोठ्यांच्या धमन्या चरबीच्या थरांनी अरुंद होतात. बाळांमध्ये मात्र बहुतेकदा उपचारच निमित्त ठरतात : नाळेच्या धमनीत सरकवलेली नळी, मनगटातली सुई, किंवा हृदयदोषासाठी जांघेतून घातलेला कॅथेटर. नवजात बाळाची मांडीतली धमनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे नळीनेच ती बरीच व्यापते.

पाऊल पांढुरके किंवा निळसर दिसते, दुसऱ्यापेक्षा गार लागते, नाडी सापडत नाही. अंगठा दाबून सोडला की रंग परतायला वेळ लागतो. धमनी नुसती आकसली आहे की आत गुठळी आहे, हे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीत कळते.

आधी नळी काढतात. नुसता आकस असेल तर पुष्कळदा तेवढ्यानेच भागते. जोडीला एक जुनी युक्ती : गार पाय सोडून चांगला पाय उबदार कापडात गुंडाळायचा, म्हणजे दुसऱ्या पायाच्या वाहिन्याही सैलावतात. गार पायालाच शेक देण्याचा मोह घातक. रक्त पोहोचत नसलेली कातडी चटकन भाजते.

गुठळी असल्यास मुख्य औषध हेपारिन. लोक त्याला ‘रक्त पातळ करणारे’ म्हणतात, पण ते रक्त पातळही करत नाही आणि झालेली गुठळीही विरघळवत नाही; फक्त ती वाढू देत नाही. विरघळवण्याचे काम शरीरच करते. वर्षाखालील बाळांना साधारण सुरुवातीला किलोमागे 75 युनिट, नंतर किलोमागे ताशी 28 युनिट देतात. मोठ्या मुलांना किलोमागे ताशी 20 पुरतात. कारण हेपारिन रक्तातल्या ज्या अँटीथ्रॉम्बिन नावाच्या प्रथिनामार्फत काम करते, ते नवजातांमध्ये प्रौढांच्या निम्म्याच्या आसपास असते. पुढे एनॉक्सापॅरिन या हेपारिनच्याच एका प्रकाराची इंजेक्शने चालू ठेवता येतात.

पाय जाण्याची भीती असेल तरच गुठळी विरघळवणारे आल्टेप्लेज वापरतात. त्याआधी, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळात, मेंदूत रक्तस्राव नाही ना हे डोक्याच्या सोनोग्राफीत पाहतात.

इतक्या बारीक धमनीवर शस्त्रक्रिया केली तरी ती पुन्हा बंद पडू शकते, म्हणून ती शेवटचा पर्याय. धमनी बंदच राहिली तरी आजूबाजूच्या शाखा वाढून पाय जगवतात. मात्र तो पाय लांबीला कमी भरू शकतो. म्हणून मूल वाढत असताना दोन्ही पाय अधूनमधून टेपने मोजतात.