पाय हलला नाही, पण स्वर हलला

गेल्या महिन्यात एका मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर दीड मिनिटाची क्लिप पाठवली. अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या जुन्या टीव्ही कार्यक्रमातला तुकडा होता. झालरीच्या कोटातला गायक, मागे फिडलवाला, उभा बेस, आणि डाव्या कडेला चार पायांच्या टेबलासारख्या कशावर तरी मान घालून बसलेला एक माणूस. खाली लिहिलं होतं, ‘1951. एआयने रंगीत आणि स्वच्छ केलेली प्रत’. मित्राचा प्रश्न एवढाच: ‘तो मागचा इस्त्री करतोय का?’

इस्त्री नव्हे, तो स्टील गिटार वाजवत होता, म्हणजे आडवी ठेवून तारांवर पोलादी दांडी सरकवत वाजवायची गिटार. पण होता कोण? त्या काळच्या कार्यक्रमांत साथीदारांची नावं क्वचितच दाखवत. कॅमेरा गायकावर. आणि हा वादक तर कायम खाली बघणार, कारण त्याचं सगळं लक्ष डाव्या हातातल्या पोलादी दांडीकडे. त्यामुळे पडद्यावर दिसतो तो भांग आणि कपाळ.

‘एआयला विचार ना, चेहरा स्वच्छ केलाय की’ असंही मित्राने सुचवलं. इथे थोडं चिडून लिहितो. मूळ फिल्मवर ज्या चेहऱ्याला पंधरा-वीस ठिपके मिळाले होते, त्यात नाक-डोळ्यांची माहिती मुळातच नाही. सॉफ्टवेअर ती ‘परत आणत’ नाही. हजारो इतर चेहरे पाहून तिथे शोभेल असं नाक बसवतं. क्लिपमधला तो गुळगुळीत चेहरा कोणाचाच नाही. त्यावरून माणूस ओळखणं म्हणजे पत्रिकेवरून रक्तगट सांगणं.

मग ओळखायचं कशावरून? कानाने आणि पायाने.

स्टील गिटार मूळची हवाई बेटांची. जोसेफ केकुकू या ओआहू बेटावरच्या मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गिटारच्या तारांवर बोटांऐवजी पोलादाचा तुकडा सरकवायला सुरुवात केली, हे श्रेय साधारणपणे त्याला दिलं जातं. 1915च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर हे संगीत अमेरिकाभर पसरलं, 1930च्या दशकात वाद्याला विजेचा पिकअप (तारांची कंपनं टिपून अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवणारा भाग) लागला आणि कंट्री संगीताने ते आपलंसं केलं. आपल्यालाही ते परकं नाही. विविध भारतीवर सिनेगीतांच्या धुना वाजवणारी व्हॅन शिपली, हजारा सिंग यांची ‘हवाईयन गिटार’ याच घराण्यातली, आणि ब्रिजभूषण काबरांनी तर तिच्यावर राग वाजवले. मींड काढायला पडद्यांची अडचण नसलेलं वाद्य आपल्याकडे रुजणारच.

आता मला आवडणारा भाग. वाचकांनी पेटी जवळ घेतली तर बरं.

समजा तारा सा-ग-प अशा लावल्या आहेत. दांडी सरळ आहे, म्हणून ती जिथे ठेवाल तिथे सगळ्या तारांची लांबी सारख्याच प्रमाणात कमी होते. लांबी अर्धी केली की तिन्ही स्वर दुप्पट कंपनांचे, म्हणजे तार सप्तकात. पाच पडदे पुढे सरकवली की सा-ग-प चे म-ध-सां. तिन्ही स्वर हातात हात घालूनच चढणार. दांडी तिरकी धरून दोन-तीन तारांचं आपसातलं अंतर बदलता येतं, जेरी बर्डसारखे लोक त्यात वाकबगार होते. पण खालचा सा जागच्या जागी गुंजत असताना ग हळूच म वर आणि प हळूच ध वर सरकला, असं संथ, स्थिर चालीत करणं सरळ दांडीच्या आवाक्यात नाही.

ते करतं पेडल. वाद्याखालच्या पट्टीवर डाव्या पायाने दाबायची पेडलं असतात. त्यांना जोडलेल्या सळया वर घोडीपाशी जातात आणि ठरावीक तारा तेवढ्या ओढतात. नंतर रूढ झालेल्या एका जुळणीत एक पेडल प चा ध करतं, शेजारचं ग चा म. दोन्ही एकदम दाबा: सा-ग-प चं सा-म-ध होतं. स्वरसमूह मध्यमाचा झाला, पण सा तसाच राहिला. सगळं घर हललं, खांब मात्र जागेवर.

ओढायचं म्हणजे किती? तारेची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. प ते ध हे पेटीवरचं अंतर 1.122 पट. त्याचा वर्ग 1.26. म्हणजे 10 किलोच्या ताणावरची तार त्या एका दाबात 12.6 किलोवर न्यावी लागते. ग ते म अर्धाच स्वर, 1.0595 पट, म्हणून तिथे ताण साधारण 12 टक्के जास्त. आणि पाय उचलला की तार जिथून निघाली नेमकी तिथेच परत यायला हवी, नाहीतर दोन गाण्यांत वाद्य बेसूर. त्यातून ओढलेल्या तारेने वाद्याचा सांगाडा किंचित वाकतो आणि बाकीच्या तारांचा ताण केसभर ढिला पडतो. म्हणजे आपला तो खांबासारखा सा सुद्धा जरासा उतरतो! हे वाद्य बनवणारे लोक पिढ्यान् पिढ्या या केसभराशी झगडत आले आहेत.

पेडलं 1950च्या आधीही होती. कॅलिफोर्नियातल्या पॉल बिग्जबीने 1948 साली स्पीडी वेस्ट या वादकासाठी पेडलांची गिटार बनवली होती. पण वाजत्या तारेवर पेडल दाबून स्वर सर्वांच्या कानांदेखत सरकवणं गाजलं ते कंट्री गायक वेब पियर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात. वादक बड आयझॅक्स, ध्वनिमुद्रण 1953च्या अखेरीचं, आणि 1954 साली ते बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या कंट्री यादीत 17 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यानंतर पेडल नसलेल्या वादकांची धावपळ उडाली. उलट गायक हँक विल्यम्सच्या गाण्यांतली ती उंच, कापत जाणारी स्टील डॉन हेल्म्सची, आणि ती बिनपेडलची.

म्हणून क्लिप पुन्हा ऐकली. विसाव्या सेकंदाला तोच प्रकार: सा स्थिर, वर ग-प चे म-ध. स्वच्छ पेडल. मग आवाज बंद करून नुसतं पाहिलं. टेबलाखाली चार पाय, आणि मधे मोकळी हवा. सळया नाहीत, पट्टी नाही. उजवा पाय हलत होता, पण तो फसवा. उजव्या पायाखाली आवाज कमी-जास्त करायचं वेगळं पेडल असतं. डावा पाय आरामात जमिनीवर. पाय हलला नाही, पण स्वर हलला.

चित्र एका माणसाचं आणि आवाज दुसऱ्याचा, असा हा प्रकार. तो कुणी कधी जोडला? इथे पेटी कामाला आली. गाण्याची पट्टी शोधायला बसलो तर सापडेना. काळी एक म्हणावी तर चढी, पांढरी दोन म्हणावी तर उतरी. त्या वेळची वाद्यमंडळी थोडी इकडेतिकडे लावत असतीलही, पण आणखी एक शक्यता होती. 1956 साली व्हिडिओटेप येईपर्यंत थेट कार्यक्रम जपायचा तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावत, आणि फिल्मच्या चौकटी सेकंदाला 24. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या जुन्या टीव्हीच्या चौकटी 25. अशी फिल्म त्या वेगाने चालवली की सगळं चार टक्क्यांनी लवकर उरकतं आणि सूर 0.7 अर्धस्वराने चढतो, म्हणजे बरोबर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या फटीत पडतो.

तपासायला एक सुंदर साक्षीदार असतो: विजेची गुणगुण. अमेरिकेतली वीज सेकंदाला 60 आवर्तनांची, त्यामुळे तिथल्या अ‍ॅम्प्लिफायरची घरघर 60 आणि 120 वर मिळते. क्लिपचा आवाज संगणकावर वारंवारतेनुसार पसरून पाहिला. 120 वर काही नव्हतं, 125 वर एक पुसट सरळ रेघ होती. 120 गुणिले 25 भागिले 24. (इथपर्यंत मित्र गाढ झोपला होता, असं त्याने सकाळी कळवलं.)

म्हणजे चित्राबरोबर आवाजही त्या वेगबदलातून गेलेला दिसतो. हल्लीच्या कुणी चिकटवलेला नाही, बहुतेक फिल्मवरच होता. सर्वांत साधा खुलासा असा की मंडळी तबकडी लावून नुसता अभिनय करत होती. तबकडीवर स्टुडिओतला पेडलवाला, कॅमेऱ्यासमोर गायकाबरोबर गावोगाव फिरणारा बिनपेडलवाला. आणि तसं असेल तर ‘1951’ हेही मला पटत नाही. 1954 किंवा पुढचं असावं. 1951 अशक्य नाही, पण पैज मी 1954 वर लावेन.

एक माणूस शोधायला गेलो आणि आता दोन झाले. तबकडीवरच्याला कानाने गाठता येईल. अशा वादकांच्या लकबी गायकांच्या गळ्याइतक्या वेगळ्या असतात. राल्फ मूनीचे तुटक, टोकदार स्वर आणि टॉम ब्रमलीचा ‘टुगेदर अगेन’मधला रेंगाळणारा तुकडा एकदा ऐकलेला माणूस त्यांची गल्लत करणार नाही. पीट ड्रेकने तर 1964 साली तोंडात नळी धरून गिटारला बोलायला लावलं. तो दिसताक्षणी कळतो.

चित्रातल्यासाठी मात्र आशा होती ती वाद्याच्या दर्शनी फळीवर. बिग्जबीच्या काही वाद्यांवर वादकाचं नाव ठळक अक्षरांत पुढेच लावलेलं असे, स्पीडी वेस्टचं होतंच. (वाद्य पुढे विकलं गेलं असेल तर नाव एकाचं, हात दुसऱ्याचे, हेही ध्यानात ठेवायचं.) एक्केचाळिसाव्या सेकंदाला गायकाचं कोपर बाजूला होतं आणि फळी क्षणभर उघडी पडते. तिथे काहीतरी लिहिलेलं असावं. पण एआयने ते इतकं स्वच्छ केलंय की आता तिथे वेलबुट्टी आहे.

मित्राला सांगितलंय, न धुतलेली प्रत शोध.