पार्किंगमधला नऊ इंची कॉलम आणि आग

सोसायटीचे पदाधिकारी व सभासद यांच्यासाठी

पार्किंगमध्ये गाड्यांना आग लागून गेली की आम्हाला बहुतेक फोन येतात ते प्लास्टर आणि रंगासाठी. कृपया आधी कॉलम तपासून घ्या. काजळी धुऊन निघते, पण आतल्या सळईला काय झाले ते प्लास्टरखाली कायमचे झाकले जाते.

काँक्रीट जळत नाही. सळईला मात्र उष्णता सोसत नाही. साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला तिची ताकद निम्म्यावर येते. आग आणि सळई यांच्यामध्ये असते ते फक्त कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. तो कॉलमला साधारणपणे ४० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दीड इंच. शिवाय कॉलमची जाडीही महत्त्वाची. चारही बाजूंनी आगीत सापडणाऱ्या कॉलमची रुंदी तासभर टिकायला किमान २०० आणि दोन तासांसाठी ३०० मिलिमीटर हवी, असे काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक आयएस ४५६ : २००० सांगते. आपला नेहमीचा नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरचा कॉलम दोन तासांच्या निकषात बसत नाही. वरच्या मजल्यांवर तो निदान भिंतीत दडलेला असतो, पार्किंगमध्ये मात्र उघडाच उभा असतो.

म्हणून कव्हर जपा. चार्जिंग पॉइंटची वायर कॉलमला झिरी मारून अजिबात नेऊ देऊ नका, वरून पाइपातून न्या. सळई गंजून कव्हर सुटले असेल तर ती दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलू नका.

आग लागून गेल्यावर आम्ही आधी हातोडीने कॉलम ठोकून पाहतो. शाबूत काँक्रीट खणखणीत वाजते, सुटलेले भद्द वाजते. कोपरे विशेष पाहतो, कारण तिथे उष्णता दोन बाजूंनी शिरते. सुमारे ३०० अंशांपुढे काही काँक्रीटला गुलाबी छटा येते, पण ते खडीवर अवलंबून आहे. रंग बदलला नाही म्हणजे कॉलम सुरक्षित, असे समजू नका. गरज वाटल्यास कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना, कापून काढून ताकद तपासतो. काँक्रीट गार झाल्यानंतरही काही आठवडे कमकुवत होत राहू शकते, त्यामुळे एका पाहणीवर आम्ही निकाल देत नाही.

आम्ही पोचेपर्यंत त्या कॉलमजवळ कोणाला फिरकू देऊ नका. खाली पडलेले काँक्रीटचे तुकडे झाडून टाकू नका. कव्हर किती खोलवर सुटले ते त्यांच्या जाडीवरून कळते.