वारा कुठून येतो, हे आधी विचारणारा आर्किटेक्ट

मुंबईत फ्लॅट बघायला गेलं की ब्रोकर हमखास सांगतो, वेस्ट फेसिंग आहे, समुद्राचा वारा येतो. वारा खरंच येतो. पण दुपारी तीननंतरचं तिरपं ऊनही तिकडूनच येतं आणि जूनमधला झोडपणारा पाऊसही तिकडूनच, म्हणजे ज्या बाजूला मोठी खिडकी हवी नेमकी त्याच बाजूला ती नकोशी होते, आणि मग आपण काय करतो तर काच बंद, पडदा बंद, एसी चालू. हा पेच चार्ल्स कोरिया यांनी आयुष्यभर सोडवला, आधी एका घरापुरता आणि मग अख्ख्या शहरापुरता, म्हणून मला ते फार मोठे वाटतात.

कुटुंब मूळचं गोव्याचं, जन्म १९३० चा सिकंदराबादचा. अमेरिकेत मिशिगन आणि एमआयटीला शिकून आले आणि १९५८ पासून मुंबईत स्वतःची प्रॅक्टिस.

सुरुवातीचं एक काम बघा, अहमदाबादचं ट्यूब हाऊस, १९६०-६२ च्या सुमाराचं. कमी उत्पन्नवाल्यांसाठी लांबट, अरुंद घर, दोन्ही बाजूंच्या लांब भिंती शेजारच्या घराला चिकटलेल्या, त्यामुळे त्या भिंतींवर ऊन पडतच नाही. खरी गंमत छतात आहे. छत आतून उतरतं आणि सर्वात उंच जागी हवा बाहेर जायला वाट ठेवलेली. गरम हवा पसरते, हलकी होते, वर चढते आणि उताराच्या कडेने सरकत त्या वाटेने निघून जाते, तिची जागा भरायला खालून दाराजवळच्या झडपांमधून ताजी हवा आत ओढली जाते. वरच्या आणि खालच्या तोंडात उंचीचं अंतर जितकं जास्त आणि आतबाहेरच्या तापमानात फरक जितका जास्त तितकी ही ओढ जोरात, धुराड्यात धूर वर जातो तसंच. पंखा नाही, वीज नाही, फक्त घराचा आकार.

मुंबईत मात्र हवा दमट, आणि वर तो पश्चिमेचा पेच. इथे कोरियांनी जुन्या बंगल्यांकडे बघितलं. त्या बंगल्यांना चारही बाजूंनी व्हरांडा असायचा, ऊन आणि पाऊस व्हरांड्यात थांबायचे, वारा तेवढा आत. हाच व्हरांडा त्यांनी कंबाला हिलवर २८ मजल्यांच्या 'कांचनजंगा' इमारतीत वर चढवला (१९७०-८३). ८४ मीटर उंची, ३२ फ्लॅट, आणि कोपऱ्याकोपऱ्यात दोन मजली उंच मोकळ्या गच्च्या. काचेच्या खोलीत ऊन शिरतं, फरशी तापते, पण तापलेल्या फरशीतून निघणारी उष्णता लांब लहरींची असते आणि साधी काच तिला थेट बाहेर जाऊ देत नाही. उघड्या गच्चीत तेच ऊन पडलं तर बरीचशी उष्णता वारा तिथूनच घेऊन जातो, खोलीपर्यंत पोचूच देत नाही. इमारत श्रीमंतांचीच आहे हे खरं, पण व्हरांड्याला काही श्रीमंती लागत नाही.

आता शहर. १९६४-६५ च्या सुमारास कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडलं की मुंबई उत्तरेला लांबतच चालली आहे, सगळी नोकरी दक्षिण टोकाला आणि माणसं दूर वर, तेव्हा खाडीपलीकडे पूर्वेला नवीन शहर करा. १९७० मध्ये हे शहर वसवायला सिडको ही सरकारी संस्था झाली, कोरिया तिचे चीफ आर्किटेक्ट. एकच केंद्र नको, सार्वजनिक वाहतुकीच्या रेषेवर ओवलेले छोटे छोटे नोड, म्हणजे घरं आणि नोकऱ्या जवळजवळ असलेली उपकेंद्रं, हवेत, ही मूळ कल्पना, कारण रोजचा प्रवास कमी झाला की इंधन आपोआप वाचतं. कल्पना पक्की होती, पण मंत्रालय काही पलीकडे गेलं नाही, वाशीला लोकल पोचायला १९९२ उजाडलं, आणि ज्या आगरी-कोळी लोकांच्या जमिनी गेल्या त्यांना घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळवण्यासाठी १९८४ मध्ये रक्त सांडावं लागलं. नवी मुंबईबद्दल बोलताना हे वगळून पुढे जाणं मला जमत नाही.

गिरण्यांचंही असंच. १९९१ च्या नियमानुसार गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. १९९६ मध्ये सरकारने कोरियांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला आणि त्यांनी सांगितलं की गिरण्या सुट्ट्या सुट्ट्या बघू नका, एकत्र बघा, तरच परळ भागात सलग मोठी मोकळी जागा मिळेल. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची. गिरणीच्या आवारात रिकामी जागा असून असून किती असणार? लोकांचा वाटा प्रचंड आटला.

मला स्वतःला त्यांचं सर्वात आवडतं काम म्हणजे नवी मुंबईत बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत, १९८३-८६. सात घरं मिळून साधारण आठ बाय आठ मीटरचा एक चौक, असे तीन गट मिळून त्याहून मोठा चौक, असं वाढत जातं. घरांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत, त्यामुळे पैसे येतील तसं ज्याने त्याने वाढवावं. लिफ्ट नाही, टॉवर नाही, तरी हेक्टरी सुमारे ५०० माणसं राहू शकतील असा हिशोब. कोरड्या प्रदेशात असा चौक रात्री आपली उष्णता आभाळाकडे टाकून चांगला गार होतो, इथे हवेतली वाफ ते बरंच अडवते, म्हणून इथे मुख्य काम सावलीचं आणि वाऱ्याचं.

गेल्या मेमध्ये तिथे गेलो होतो. बरीच मूळ घरं पाडून दोन-तीन मजली झाली आहेत, चौक मात्र जागेवर आहेत. एका चौकात झाडाखाली दोन आजी खुर्च्या टाकून बसल्या होत्या, शेजारी उन्हाच्या पट्ट्यात कुरडया वाळत होत्या. आत गरम होतं का विचारलं तर एक म्हणाल्या, "होतं की. पण चारनंतर आम्ही आत असतोच कुठे?"