लिटरला किती? टू-स्ट्रोक गाड्यांतील ऑइल-पेट्रोलच्या मापाची पार्श्वभूमी

खान्देशात राजदूत, येझदी किंवा आरएक्स १०० या जुन्या, पेट्रोलमध्ये ऑइल लागणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरसायकली अजूनही हौसेने जपणारे लोक आहेत, आणि अलीकडच्या दोन-तीन उन्हाळ्यांत या गाड्यांची इंजिने जाम झाल्याच्या तक्रारी गॅरेजांत पुन्हा ऐकू येऊ लागल्या आहेत. इंजिन जाम झाले की पहिला संशय ऑइलवर जातो आणि पहिला उपाय म्हणून ऑइलच वाढवले जाते. हा उपाय अनेकदा उलटा पडतो. तो का उलटा पडतो हे कळण्यासाठी ‘लिटरला चाळीस’, म्हणजे एक लिटर पेट्रोलला चाळीस मिली ऑइल, हे माप आपल्याकडे कोणत्या ऑइलसाठी आले आणि ऑइल बदलल्यावरही ते कसे टिकून राहिले, हे पाहणे आवश्यक आहे.

पेट्रोलमध्येच ऑइल मिसळण्याची पद्धत या इंजिनाच्या रचनेतून आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जे टू-स्ट्रोक इंजिन आकाराला आले, त्यात सिलिंडरखालच्या क्रँककेसचाच पंपासारखा उपयोग केलेला होता. पेट्रोल आणि हवा आधी तिथे येतात आणि मग वर जातात, त्यामुळे तिथे ऑइल भरून ठेवण्याची सोय उरत नाही. येणाऱ्या पेट्रोलबरोबरच ऑइल पाठवायचे, वाटेत ते बेअरिंग, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टनला लागू द्यायचे आणि शेवटी जळू द्यायचे, हा सोपा मार्ग त्यातून निघाला आणि पुढे जगभर रूढ झाला.

आपल्याकडे हा प्रश्न घराघरांत पोहोचला तो १९६०च्या दशकात. त्या दशकाच्या सुरुवातीला जावा आणि राजदूत देशात तयार होऊ लागल्या, आणि १९७२ मध्ये लूना व चेतक आल्या. धुळे-जळगाव पट्ट्यात राजदूतने जे स्थान मिळवले ते शहरातल्या हौशी तरुणांमुळे नव्हे, तर दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून पहाटे काळ्या मातीच्या रस्त्यांवरून येणाऱ्या दूधवाल्यांमुळे आणि रावेर-यावलकडच्या केळीबागांत खतांची पोती नेणाऱ्या शेतकऱ्यांमुळे. जास्त ओझे, कमी वेग आणि पंचेचाळीस अंशांच्या आसपासचा उन्हाळा या तिन्ही गोष्टी एअर-कूल्ड, म्हणजे फक्त वाऱ्याने थंड होणाऱ्या, टू-स्ट्रोक इंजिनाला प्रतिकूल आहेत. ऑइल थोडे सढळ हाताने टाकण्याची सवय इथे लागली, तिच्यामागे ही परिस्थिती होती हे मान्य केले पाहिजे.

त्या काळात मिसळले जाणारे ऑइल बहुतेक वेळा साधे, घट्ट इंजिन ऑइल असे. ते पेट्रोलमध्ये आपोआप विरघळत नसे. पंपावर आधी मापाने ऑइल ओतायचे, मग पेट्रोल घ्यायचे आणि नंतर हँडल धरून गाडी डाव्या-उजव्या अंगाला पाच-सात वेळा जोरात हलवायची, हा क्रम लहानपणी प्रत्येकाने पाहिलेला आहे. तो निव्वळ उपचार नव्हता. हलवले नाही तर जड ऑइल टाकीच्या तळाशी बसते आणि कॉक (टाकीखालचा नळ) उघडल्यावर आधी तेच कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, उतरते, त्यामुळे प्लग ओला होऊन गाडी बंद पडते. नंतर जे येते त्यात ऑइल फारसे नसते आणि मग इंजिन जाम होते. ज्यांची ऐपत नव्हती ते ट्रॅक्टरचे काढलेले काळे ऑइलही वापरत. त्याची राख प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर साचे, सायलेन्सर काजळीने तुंबे, आणि मग कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून त्यावर सायलेन्सर भाजण्याची वेळ येई.

‘लिटरले चाळीस’ हे माप या ऑइलचे आहे. चाळीस मिली म्हणजे चार टक्के, किंवा १:२५. पुढे खास टू-स्ट्रोकसाठी बनवलेले ऑइल, ज्याला आपण सरसकट ‘टूटी’ म्हणतो, सर्वत्र मिळू लागले. ते मुद्दाम पातळ केलेले असते, पेट्रोलमध्ये लगेच मिसळते आणि जळताना राख फारच कमी सोडते. त्यामुळे स्कूटरसाठी लिटरला वीस मिली, म्हणजे १:५०, हे प्रमाण सांगितले जाऊ लागले. मोटरसायकलवाल्यांनी मात्र चाळीसचा आकडा सोडला नाही, आणि उन्हाळ्यात किंवा बोअरिंग (झिजलेला सिलिंडर आतून कोरून घेणे) केल्यानंतर तो साठ-ऐंशीपर्यंत नेला. ऑइल बदलले, माप तेच राहिले, आणि त्यावर एका शब्दाने आणखी गोंधळ घातला. तो शब्द म्हणजे ‘मिक्स्चर’.

गॅरेजमध्ये हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक म्हणजे टाकीतले पेट्रोल आणि ऑइल यांचे मिश्रण, आणि दुसरे कार्ब्युरेटरमध्ये तयार होणारे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण. दोन्हींना ‘रिच’ (भरपूर) आणि ‘लीन’ (कमी) हीच विशेषणे लागतात. ‘मिक्स्चर रिच कर’ असे मेकॅनिकने सांगितले की गाडीवाला घरी जाऊन टाकीत ऑइल वाढवतो, मेकॅनिकला मात्र हवेच्या तुलनेत पेट्रोल वाढवायचे असते. या दोन क्रिया एकमेकींच्या विरुद्ध दिशेने जातात, आणि हे सहजासहजी कोणाला पटत नाही.

हिशेब साधा आहे. कार्ब्युरेटरच्या जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, ठरावीक मापाचा द्रव जातो. त्या द्रवात ऑइल जितके जास्त तितके पेट्रोल कमी, आणि हवा मात्र तेवढीच येते. लिटरला वीसऐवजी चाळीस मिली टाकले तर त्या द्रवातला पेट्रोलचा वाटा सुमारे ९८ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर येतो. हा फरक लहान आहे आणि जेट योग्य असेल तर इंजिन तो सहन करते. पण अंदाजाने लिटरला शंभर मिली ओतले की हा वाटा ९१ टक्क्यांच्या खाली जातो, शिवाय घट्ट झालेला द्रव जेटमधून हळू सरकतो. म्हणजे ऑइल जितके ‘रिच’, तितके पेट्रोल-हवेचे मिश्रण ‘लीन’. लीन मिश्रणावर चालणारे इंजिन प्रमाणाबाहेर तापते, आणि ज्या भीतीने ऑइल वाढवले तीच गोष्ट घडते.

पारोळ्याच्या एका गॅरेजात फळीवर ओळीने ठेवलेले जुने पिस्टन मी पाहिले आहेत. त्यांतला एक हातात घेतला तर त्याच्या फक्त एका बाजूला, जिथून धूर सायलेन्सरकडे जातो त्या बाजूला, उभे ओरखडे होते आणि डोक्याची कड मेणासारखी पाघळली होती. आतल्या भिंतीवर मात्र ऑइलचा तपकिरी थर जमलेला होता. ऑइल कमी पडलेल्या इंजिनाची खूण वेगळी असते: ओरखडे चहूबाजूंनी येतात आणि खालची बेअरिंगे तापून निळी पडतात. हा पिस्टन ऑइल कमी पडल्याने गेलेला नव्हता. त्याच्या प्लगचे टोक चहाच्या रंगाचे असायला हवे होते, ते पांढरे पडले होते. मालकाने लिटरला ऐंशी मिली टाकत असल्याचे स्वतःच सांगितले होते. असे पिस्टन पाहूनही त्या मालकांपैकी बहुतेकांनी पुढच्या वेळी ऑइल आणखी वाढवले, याचे मला आजही वाईट वाटते, कारण चूक त्यांच्या समजुतीची नव्हती, तिला मिळालेल्या शब्दाची होती.

हा प्रश्न सुटण्याची एक संधी १९८० च्या दशकाच्या मध्यावर आली होती. १९८४ ते १९८६ या काळात जपानी सहकार्याने शंभर सीसीच्या गाड्या आल्या. त्यांतल्या १९८५ च्या आरएक्स १०० मध्ये ऑइलची वेगळी टाकी आणि छोटा पंप होता. ही पद्धत तिच्या जपानी निर्मात्यांनी १९६४ पासून वापरात आणलेली होती. गाडी जागेवर उभी असताना हा पंप अगदी थोडे ऑइल देतो आणि पूर्ण थ्रॉटलवर भरपूर देतो, म्हणजे माप रस्त्यावरच्या गरजेप्रमाणे बदलत राहते. टाकीत एकदा मिसळलेले प्रमाण असे बदलत नाही. तरीही खान्देशातल्या कितीतरी आरएक्सचे पंप काढून त्या जागी पत्री लावली गेली. केबल ढिली झाली, नळीत हवेचा बुडबुडा अडकला किंवा पंपाचे दाते झिजले तर कळण्याआधीच इंजिन जाईल, अशी धास्ती होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण वर्षातून एकदा पंप तपासण्याऐवजी तो कायमचा काढणे, आणि त्यानंतर पुन्हा ‘लिटरला चाळीस’वर येणे, हा निर्णय माझ्या मते चुकीचाच होता. त्याच १९८५ मध्ये पेट्रोलमध्ये ऑइल न लागणारी फोर-स्ट्रोक शंभर सीसी गाडीही बाजारात आली होती, आणि मायलेज पाहणारे लोक तिच्याकडे वळू लागले.

धुराचे नियम १९९१ पासून लागू झाले, १९९६ मध्ये कडक झाले आणि २००० मध्ये आणखी कडक झाले. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्येच थांबले. दिल्लीत सुट्या ऑइलच्या विक्रीवर बंदी आली आणि कमी धूर करणारे ऑइल सक्तीचे झाले. आपल्याकडच्या लहान गावांत याचा दिसणारा परिणाम म्हणजे किराणा दुकानात टांगलेल्या वीस आणि चाळीस मिलीच्या पुड्या. पुडी आल्याने भेसळीचे ऑइल कमी झाले, हे चांगलेच झाले. परंतु पुडी लिटरच्या हिशेबाची असते, आणि तिच्यामुळे चाळीसच्या आकड्यावर छापील शिक्का बसला.

आताची अडचण पेट्रोलची आहे. त्यात मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉल या अल्कोहोलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांपर्यंत पोहोचले, २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल विक्रीला आले आणि आता सगळीकडे तेच मिळते. इथेनॉल जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे जुन्या जेटवर हे इंधन चालवले की पेट्रोल-हवेचे मिश्रण सुमारे ७ ते ८ टक्क्यांनी लीन होते. ऑइल दुप्पट करण्याने होणाऱ्या फरकाच्या तुलनेत हे कितीतरी मोठे आहे. गाडी तापते, मालक ऑइल वाढवतो आणि मिश्रण आणखी लीन होते. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. त्या थरात ऑइल जवळजवळ नसतेच, आणि कॉक तळातूनच इंधन घेतो. आषाढ-श्रावणात महिनाभर उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावर दोन-तीन किलोमीटरच्या आत जाम झाली, तर ऑइल किती टाकले होते हा प्रश्नच गैरलागू ठरतो.

जुन्या लोकांची एक सवय इथे पुन्हा उपयोगाची आहे. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर घराच्या अलीकडेच कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत चालवायची, म्हणजे पेट्रोल उडून मागे ऑइलचा चिकट थर उरत नाही. मात्र टाकीत उरलेले मिश्रण काढून टाकणेही आता गरजेचे झाले आहे. पारोळ्याच्या त्या गॅरेजात अशा गाड्या आल्या की मेकॅनिक हल्ली सर्वांत आधी कार्ब्युरेटर उघडून एक नंबर मोठा मेन जेट बसवतो, रबरी वॉशर बदलतो, दहा किलोमीटर चालवून प्लगचा रंग पाहतो, आणि मगच मालकाला लिटरला पंचवीस ते तीस मिली टूटी टाकायला सांगतो. चाळीसची पुडी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तो दीड लिटर पेट्रोल भरायला लावतो.