त्रयस्थ नाणे-प्रतवारी सेवांची विश्वासार्हता

नाण्याच्या खरेदी-विक्रीत ज्याचा हात नाही अशा संस्थेने शुल्क घेऊन नाण्याचा अस्सलपणा तपासायचा, त्याला 1 ते 70 मधला प्रतीचा अंक द्यायचा आणि ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून परत करायचे, याला त्रयस्थ प्रतवारी म्हणतात. संग्राहकांच्या बोलीत या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. स्लॅबवरची चिठ्ठी दोन निराळ्या गोष्टी एकाच दमात सांगते. नाणे खरे की खोटे, याला उत्तर एकच असते. प्रत हे मात्र जाणकाराचे मत आहे, फक्त त्याला अंक चिकटवलेला. पहिल्या बाबतीत नामांकित सेवांवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. दुसरीत त्या नेमक्या कुठे डळमळतात हे बघावे लागते.

सत्तर अंकांची पट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकी नाणे-संग्राहकाने 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी, म्हणजे आकाराने मोठ्या तांब्याच्या नाण्यांसाठी, मांडली. मुळात ते किमतीचे गणित होते: 70 प्रतीचे नाणे 1 प्रतीच्या सत्तरपट मोलाचे. पुढे भाव पार बदलले, गणित मोडले, आकडे तेवढे उरले. (अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून तिथे हलक्या प्रतीचे ठेवण्याचा उद्योग याच शेल्डन यांनी केल्याचे नंतर उघड झाले. प्रतींतला फरक त्यांना उत्तम कळत होता, हे मान्यच करावे लागते.)

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने 1972 मध्ये एएनएसीएस ही सेवा सुरू केली ती बनावट नाणी ओळखण्यासाठी; प्रत देणे 1979 पासून. तेव्हा छायाचित्राचे प्रमाणपत्र मिळे, नाणे मात्र सुटेच राही. 1986 मध्ये पीसीजीएस आणि 1987 मध्ये एनजीसी या सेवांनी नाणे व चिठ्ठी एकाच डबीत बंद केली आणि न पाहता नाणी विकत घेण्याचा बाजार उभा राहिला. प्रतवारी संगणकाकडून करून घेण्याचे प्रयोगही 1990 च्या सुमारास झाले. ते टिकले नाहीत.

खरी अडचण 58 ते 65 या पट्ट्यात आहे. 58 म्हणजे जेमतेम वापरलेले, 60 पासून पुढे न वापरलेले. मॉर्गन डॉलर हे अमेरिकेचे जुने चांदीचे नाणे, एका बाजूला लिबर्टी देवीचे मुख आणि दुसऱ्या बाजूला गरुड असलेले. तो दिव्याखाली हळूहळू तिरपा करत नेला की झळाळीचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. देवीच्या कानावरच्या केसांवर किंवा गरुडाच्या छातीवर ते पट्टे तुटून करडा डाग दिसला, तर ती झीज. पण न्यू ऑर्लिन्स टाकसाळीच्या कित्येक डॉलरांवर तिथली छापच उथळ पडलेली असते. केस सपाट दिसतात आणि नाणे एकदाही वापरात आलेले नसते. इथे दोन जाणकारांचे मत वेगळे पडू शकते. त्यात कोणी बेइमान असतो असे नाही. शिवाय थोडी झीज असलेले पण देखणे नाणे बाजार 62 च्या भावाने उचलतो, म्हणून सेवाही कधी कधी त्याला 62 देतात. याला बाजार-प्रतवारी म्हणतात. काटेकोर संग्राहकांना ती आजही खटकते.

मतभेदापेक्षा जास्त घोळ पुन्हापुन्हा पाठवण्याने होतो. 64 आणि 65 च्या किमतीतला फरक शुल्काच्या कितीतरी पट असला, तर मालक डबी फोडतो आणि नाणे परत पाठवतो. पुन्हा 64 आले तर पुन्हा फोडतो. एकदा 65 मिळाले की थांबतो. कमी प्रत मिळालेली नाणी अशी डबीतून बाहेर पडत राहतात आणि जास्त प्रत मिळालेली आतच बसून राहतात. त्यामुळे प्रतवारी करणारा पूर्ण प्रामाणिक असला, तरी बाजारातल्या स्लॅबांचा कल वरच्या अंकाकडे झुकतो. जुनी चिठ्ठी परत केली नाही तर तेच नाणे सेवेच्या गणनातक्त्यात (कोणत्या प्रतीची किती नाणी तपासली याच्या यादीत) दोन-तीनदा मोजले जाते, ते वेगळेच. जुन्या डब्यांतली प्रत कडक असते असे सांगितले जाते. ते पुष्कळसे खरे आहे, पण वर चढू शकणारी नाणी त्यांतून केव्हाच काढून घेतलेली असतात, हे विकणारा सांगत नाही.

या शंकेवर 2007 मध्ये एक धंदाच उभा राहिला. एनजीसीचे एक संस्थापक जॉन अल्बानीज यांनी सीएसी काढली. ही संस्था स्लॅबमधले नाणे तपासते आणि ते आपल्या अंकाला शोभणारे वाटले तर हिरवा स्टिकर लावते. अंक कमी दिल्यासारखा वाटला तर सोनेरी. थोडक्यात, त्रयस्थावर आणखी एक त्रयस्थ.

सेवा पारखताना तिच्या जाहिरातीपेक्षा हमीपत्र वाचावे. नाणे खोटे निघाले किंवा प्रत उतरली, तर भरपाई कोण आणि कोणत्या भावाने देणार? कोणत्या गोष्टी वगळल्या आहेत? तांब्याचा रंग काळाने पालटतो, म्हणून त्याबाबत हमी आखूडच असते. दुसरी कसोटी लिलावाची: एकाच वर्षाचे, एकाच टाकसाळीचे, एकाच अंकाचे नाणे वेगवेगळ्या सेवांच्या डब्यांत कितीला गेले ते पाहावे. एखाद्या सेवेचे 65 सतत दुसरीच्या 63 च्या भावाने जात असेल, तर बाजाराने निकाल दिलेलाच आहे. घासलेल्या किंवा कृत्रिम रंग चढवलेल्या नाण्याला भरवशाची सेवा साधा अंक न देता चिठ्ठीवर तो दोष लिहिते. जिच्या डब्यांत असे एकही नाणे सापडत नाही, तिच्यापासून जपून राहावे.

आता स्लॅबही बनावट येतात. त्यांवरचा क्रमांक एखाद्या खऱ्या नाण्याचा उचललेला असतो, त्यामुळे सेवेच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंद बिनचूक उघडते. तिथे छायाचित्र असेल तर हातातले नाणे त्याच्याशी ताडून पाहावे: गालावरचा ओरखडा, काठाजवळचा डाग, रंगाची कड. हे ठसे प्रत्येक नाण्याचे आपापले असतात.